तळहाताखालचा टचपॅड

लॅपटॉपवर सलग लेखन करणाऱ्या मनुष्यास एक चमत्कारिक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. दृष्टी शेजारच्या मसुद्यावर खिळलेली असते, बोटे आपल्या गतीने कळा दाबीत असतात, आणि मान वर करून पाहावे तो गेल्या दीड ओळीचा मजकूर परिच्छेदाच्या शेवटी न पडता कोठेतरी वरच्या एखाद्या शब्दाचे पोट फाडून आत जाऊन बसलेला असतो. कर्सर असा आपणहून भटकत नाही. कीबोर्डाच्या अलीकडे, दोन तळहातांच्या मध्ये, जो गुळगुळीत आयताकृती टचपॅड बसविलेला असतो, त्यास अंगठ्याच्या मुळाचा किंवा तळव्याच्या कडेचा नकळत स्पर्श झालेला असतो, आणि यंत्राने तो स्पर्श हुकूम समजून तात्काळ अंमलात आणलेला असतो. ह्याची तक्रार करणाऱ्यास बहुधा 'हात जरा वर धरीत जा' एवढाच सल्ला मिळतो. माझ्या मते हा सल्ला दोषाचा बोजा भलत्याच्याच माथी मारणारा आहे. तो का, आणि खरे उपाय कोणते व ते कोठवर पुरे पडतात, हे एकदा सविस्तर पाहण्याजोगे आहे.

ह्या उपद्रवाचे सर्व प्रकार सारखे घातक नसतात. पडद्यावरचा बाण नुसताच हलला, तर बाणाखाली येणारी खिडकी आपोआप कार्यान्वित होण्याची व्यवस्था ज्यांनी निवडली आहे असे थोडे लोक सोडल्यास, कोणाचे फारसे बिघडत नाही. स्पर्शाची टिचकी झाली तर मजकूर भलतीकडे उमटतो. तो कापून पुन्हा जागेवर आणता येतो, फक्त वेळ जातो आणि विचाराचा धागा तुटतो. परंतु एकापाठोपाठ दोन टिचक्या पडल्या आणि दुसरीबरोबर तळवा थोडा सरकला, की यंत्र त्यास 'धरून ओढणे' समजते, मजकुराचा मोठा भाग निवडला जातो, आणि पुढची कळ दाबताच तो सगळा नाहीसा होऊन त्याच्या जागी एकच अक्षर उरते. हा सर्वांत वाईट प्रकार. कंट्रोल-झेडने गेलेला मजकूर परत येतो हे खरे. पण गेला हे ध्यानात आले तर. कीबोर्डाकडे पाहून लिहिणाऱ्याच्या ते पुष्कळ वेळाने ध्यानात येते, आणि मधल्या काळात त्याने लिहिलेले नवे वाक्य राखावे की जुना परिच्छेद परत आणावा, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. दोन बोटांच्या खुणांचे उपद्रव निराळे. ब्राउझरमध्ये दोन स्पर्श आडवे सरकले की मागचे पान येते आणि अर्धा भरलेला सरकारी अर्ज हवेत विरतो. दोन स्पर्शांची टिचकी झाली की उजव्या बटणाचा मेनू उघडतो, आणि त्यानंतर टंकलेली अक्षरे त्या मेनूतील कलमे निवडीत सुटतात.

आता हे यंत्र तळहाताखाली आले कसे? जुन्या टंकलेखन यंत्रात स्पेस बारच्या अलीकडे काहीही नव्हते. यंत्राचा सांगाडाच तेथे संपत असे. मनगटे अधांतरी धरावयाची हा टंकलेखन वर्गातील मास्तरांचा पहिला दंडक असे, आणि सरकारी नोकरीच्या आशेने मराठी ३० व इंग्रजी ४० शब्दांच्या परीक्षा देणाऱ्या महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या हातांना तेच वळण लागलेले होते. आरंभीच्या सुवाह्य संगणकांतही कीबोर्ड पुढच्या कडेलाच असे. ॲपलने ऑक्टोबर १९९१ मध्ये पॉवरबुक ही मालिका बाजारात आणली तेव्हा तिच्यात कीबोर्ड मागे, पडद्याकडे सरकविला आणि पुढे एक मोकळी फळी सोडून तिच्या मध्यभागी फिरता चेंडू बसविला. मनगटास टेकावयास जागा मिळाली ती त्या रचनेपासून, आणि पुढे जवळजवळ सर्वच उत्पादकांनी तिचे अनुकरण केले. त्यात फारसा धोका नव्हता, कारण चेंडू ही वस्तू फिरविल्याशिवाय काही करीत नाही. तळहात तिच्यावर टेकला तरी तो ठोकळ्यासारखा टेकूनच राहतो. मे १९९४ मध्ये मात्र पॉवरबुकच्या ५०० मालिकेत चेंडूच्या जागी सपाट स्पर्शपट्ट, म्हणजे आजचा टचपॅड, आला. म्हणजे १९९१ साली हातास 'येथे विसावा' म्हणून जी जागा दिली, तिच्याच मधोमध तीन वर्षांनी यंत्राचा सर्वांत हळवा अवयव आणून ठेविला गेला, आणि मग त्या जागी हात टेकणाऱ्यास निष्काळजी ठरविण्याचा शिरस्ता सुरू झाला!

ही जागा अटळ होती असेही नव्हे. १९८३ सालच्या गॅव्हिलान ह्या यंत्रात स्पर्शपट्ट कीबोर्ड आणि पडदा ह्यांच्या मध्ये होता. तेथवर तळहाताची मजल जात नाही. आयबीएमच्या टेड सेल्कर ह्यांनी तर निराळीच तजवीज केली. कीबोर्डावरून हात उचलून माउसपर्यंत नेण्यास सुमारे पाऊण सेकंद आणि परत आणण्यास जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, ह्या निरीक्षणावरून त्यांनी जी, एच आणि बी ह्या कळांच्या बेचक्यात एक लहानशी दांडी बसविली. १९९२ च्या थिंकपॅड ७०० सी बरोबर ती लोकांपुढे आली आणि तिचे तांबडे टोक त्या यंत्राची ओळख होऊन बसले. जगाने मात्र पट्टच पसंत केला, आणि पसंत केल्यावर तो वाढवीत नेला. नव्वदीच्या दशकातील प्रचलित पट्ट सुमारे ६५ मिलिमीटर रुंद आणि ४९ मिलिमीटर उंच असे. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलने स्वतंत्र बटण काढून टाकून सगळा पट्टच काचेचा व दाबता येण्याजोगा केला. २०१६ च्या १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये तो आधीच्या दुप्पट झाला. मनुष्याचा तळहात मात्र होता तेवढाच राहिला, आणि त्यास टेकावयास उरलेली जागा तेवढी आकसत गेली.

हा पट्ट बोट ओळखतो असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः तो बोट ओळखीत नाही. पृष्ठभागाखाली विद्युत्वाहक पट्ट्यांची उभीआडवी जाळी असते. मनुष्यदेह वाहक असल्यामुळे तो निकट आला की त्या जागेची विद्युत्धारकता अत्यल्प प्रमाणात बदलते. आतील नियंत्रक चिप हा बदल प्रतिसेकंदास अनेक वार मोजते. चिपला दिसते ती बदललेल्या धारकतेची एक टेकडी, तिची उंची आणि तिचा घेर. त्यावरून तर्क बांधणे तिच्याकडे. ह्या व्यवसायात अग्रेसर ठरलेल्या सिनॅप्टिक्स कंपनीच्या जुन्या पट्टांत प्रत्येक अहवालाबरोबर दोन आकडे पाठविले जात. झेड हा ० ते २५५ पर्यंतचा आकडा, ज्यास लोक दाब म्हणत, पण जो खरोखर स्पर्शाच्या एकूण व्याप्तीचा द्योतक असे. आणि डब्ल्यू हा रुंदीचा आकडा, ज्यात ४ ते ७ म्हणजे साधारण बोट आणि ८ पासून १५ पर्यंत म्हणजे फार रुंद बोट किंवा तळवा. ह्या कंपनीची स्थापना १९८६ मध्ये केली ती इंटेलच्या ४००४ ह्या सूक्ष्मप्रक्रियकाच्या रचनेचे नेतृत्व करणारे फेडेरिको फॅजिन आणि कार्व्हर मीड ह्यांनी, आणि तिचा मूळ विषय होता मज्जातंतूंच्या जाळ्याचे अनुकरण करणारी, आकृती ओळखणारी यंत्रे. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो, कारण बोट कोणते आणि तळवा कोणता हा प्रश्न अखेर आकृती ओळखण्याचाच आहे, आणि तो अजूनही पुरता सुटलेला नाही.

न सुटण्याचे कारण असे. पुरता तळवा पट्टावर पडला तर तो मोठा, लांबोडका, ओबडधोबड दिसतो व सहज ओळखू येतो. तापदायक स्पर्श बहुधा तसा नसतो. स्पेस बार दाबताना अंगठा खाली जातो, त्याबरोबर अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा क्षणभर पट्टास चाटून जातो. त्या स्पर्शाचा ठसा लहान, गोलसर आणि क्षणिक असतो, म्हणजे बोटाने मुद्दाम मारलेल्या टिचकीची सर्व लक्षणे त्यात असतात. आकारावरून निवाडा करणारी पद्धत येथे निरुपाय होते, आणि म्हणून आकाराच्या जोडीस काळ आणि स्थळ ह्यांचे साक्षीपुरावे घ्यावे लागतात.

काळाचा पुरावा सर्वांत सोपा: कळ दाबल्यानंतर काही वेळ पट्टाचा अंमल तहकूब ठेवावयाचा. लिनक्सवर पूर्वी सिन्डेमन नावाचा एक छोटा प्रोग्राम हेच काम करी, आणि त्याची मुदत मुळात दोन सेकंदांची असे. दोन सेकंद हा काळ लिहिणाऱ्यास सुखाचा असला, तरी एक शब्द लिहून लगेच बाण हलवू पाहणाऱ्यास पट्ट मेल्यासारखा वाटे. म्हणून केवळ टिचकी व सरकणे तहकूब ठेवून बाणाची हालचाल चालू ठेवण्याचीही मुभा त्यात होती, आणि ती तडजोड मला आजही शहाणपणाची वाटते. पुढे पीटर हटरर प्रभृतींनी वाढविलेल्या लिबइनपुट ह्या प्रणालीने ह्या कल्पनेस बरीच सूक्ष्मता आणली. एकच कळ दाबली असेल तर तहकुबी सुमारे २०० मिलिसेकंदांची. कळांमागून कळा येत असतील, म्हणजे लेखन चालू आहे असे दिसत असेल, तर ५०० मिलिसेकंदांची. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट ह्या कळांनी तहकुबी सुरू होत नाही, कारण कंट्रोल धरून टिचकी मारणे हा हेतुपूर्वक केलेला व्यवहार असतो. लेखन चालू असताना जो तळवा टेकला तो मुदत संपल्यावरही टेकूनच राहिला तर दुर्लक्षितच राहतो. शेवटच्या कळेनंतर जो स्पर्श नव्याने आला, त्यास मुदत संपताच बाण हलविण्याचा अधिकार मिळतो, मात्र टिचकीचा मिळत नाही. इतका बारकाईचा विचार ह्या विषयात केला गेला आहे, हे पुष्कळांस ठाऊकही नसते.

तथापि अर्ध्या सेकंदाच्या ह्या मुदतीचा हिशेब मांडून पाहिला तर एक विसंगती उघड होते. मिनिटास ३० शब्द टंकणारा मनुष्य, शब्दास सरासरी पाच कळा धरल्या ('मराठी' हा शब्द इनस्क्रिप्ट ह्या देवनागरी कळमांडणीत पाच कळांचाच आहे), मिनिटास दीडशे कळा दाबतो. दोन कळांतील अंतर ०.४ सेकंद पडते आणि पट्ट सतत निद्रिस्त राहतो. मिनिटास १५ शब्दांच्या गतीने चालणाऱ्याचे अंतर मात्र ०.८ सेकंद पडते. त्याच्या बाबतीत पट्ट प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये जागा होतो. म्हणजे काळाचा उपाय निष्णात टंकलेखकाचे रक्षण करतो, आणि ज्यास रक्षणाची खरी गरज, त्या नवशिक्यास, वयस्कर लेखकास, वाक्यावाक्यास थांबून विचार करणाऱ्यास अर्धवट वाऱ्यावर सोडतो. विचार करताना हात टेकतात. टेकताना स्पर्श होतो. आणि नेमकी तेव्हाच मुदत संपलेली असते.

स्थळाचा पुरावा ह्याहून साधा. तळवे पट्टावर मधोमध आकाशातून पडत नाहीत, ते डाव्या-उजव्या कडांवरून आणि वरच्या बाजूने आत येतात; म्हणून कडांच्या अरुंद पट्ट्यांत सुरू झालेला स्पर्श संशयित मानावयाचा, आणि बोटाप्रमाणे तो आत सरकला तरच मोकळा करावयाचा. लिबइनपुटमध्ये असे प्रदेश आखलेले आहेत. विंडोजमध्येही पट्टाच्या कडांवर असेच पडदे धरलेले असतात. ही योजना चांगली चालते, परंतु तिला उत्पादकाच्या सौंदर्यदृष्टीचा फटका बसतो. ज्या मोठ्या लॅपटॉपांत उजवीकडे आकड्यांचा स्वतंत्र कळसमूह असतो, तेथे अक्षरांचा कीबोर्ड डावीकडे सरकलेला असतो; आणि पट्ट जर शोभेखातर यंत्राच्या बरोबर मध्यभागी ठेविला, तर लिहिणाऱ्याचा उजवा तळवा कडेवर न पडता सबंध पट्टावरच पडतो. पट्ट स्पेस बारच्या मध्याखाली असावा, मग तो यंत्राच्या मध्यापासून ढळलेला दिसला तरी चालेल, हा नियम कोणी छापून ठेविलेला नसला तरी खरेदी करताना पाळावा असा आहे.

ह्या सर्व खटाटोपाच्या मुळाशी दोन चुकांमधील निवड आहे. हेतूविना झालेला स्पर्श हुकूम म्हणून स्वीकारणे ही एक चूक. हेतुपूर्वक केलेला स्पर्श नाकारणे ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी टाळता येत नाहीत. एक कमी केली की दुसरी वाढते. परंतु दोहोंची किंमत सारखी नाही. दुसऱ्या चुकीत मनुष्यास पुन्हा एकदा टिचकी मारावी लागते, आणि चूक झाल्याचे त्यास त्याच क्षणी कळते. पहिल्या चुकीत मजकूर विस्कटतो किंवा पुसला जातो, आणि ते कित्येकदा मागाहून कळते. असे असूनही पुष्कळ यंत्रे पहिल्या चुकीकडे झुकलेली असतात, टेबलावर येऊन पडलेला प्रत्येक कागद रीतसर अर्जच आहे असे मानून त्यावर शेरा मारून मोकळ्या होणाऱ्या अतिउत्साही कारकुनासारखी. ह्याचे कारण मला असे दिसते, की पट्टाची चपळाई दोन मिनिटांत जाणवते व विक्रीस उपयोगी पडते, आणि त्याची सोशिकता दोन महिन्यांनी जाणवते, जेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

निरनिराळ्या प्रणालींनी हा झुकाव बदलण्याची मुभा कमीअधिक दिलेली आहे. विंडोज ८.१ बरोबर, २०१३ मध्ये, प्रिसिजन टचपॅड नावाची व्यवस्था आली, तीत निवाड्याचा पुष्कळ भाग उत्पादकाकडून काढून खुद्द विंडोजकडे घेण्यात आला. त्या वेळी सेटिंगमध्ये टिचकी चालू होण्यापूर्वीचा विलंब अल्प, मध्यम किंवा दीर्घ ठेवता येई. विंडोज १० पासून त्याच जागी 'संवेदनशीलता' ह्या नावाच्या चार पायऱ्या आल्या. लोकांना वाटते की ह्या पायऱ्या बाणाच्या वेगाच्या आहेत. त्या तशा नाहीत, अनाहूत स्पर्श रोखण्याचा बंदोबस्त किती कडक ठेवावा एवढेच त्या ठरवितात, आणि लिहिणाऱ्याने सर्वांत खालची पायरी निवडावी. मॅकवर २००७ सालच्या लेपर्ड आवृत्तीत 'चुकून झालेला स्पर्श दुर्लक्षावा' अशा आशयाची चौकट डोळ्यांसमोर होती. पुढे ती नाहीशी झाली आणि तो निवाडा पूर्णपणे यंत्राकडे गेला. ॲपलचा निवाडा एकंदरीत चांगला असतो हे मान्य केले पाहिजे. टेकलेल्या आणि काम करणाऱ्या बोटांतील भेद हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय होता, त्या वेन वेस्टरमन आणि जॉन इलायस ह्यांची फिंगरवर्क्स ही कंपनी ॲपलने २००५ मध्ये घेतली होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. पण निवाडा कितीही चांगला असला तरी त्यावर अपील करण्याची सोय असावी, ती मात्र तेथे उरलेली नाही.

आता ज्या एका उपायास मी सर्वांत अधिक महत्त्व देतो तो सांगतो: टिचकीने क्लिक करण्याची सोय बंद करावी. पट्ट दाबूनच क्लिक होईल असे ठेविले म्हणजे स्पर्श आणि हुकूम ह्यांच्यामध्ये जोराची एक पायरी येते, आणि ओझरता तळवा ती पायरी चढू शकत नाही. बाण हलेल, पण कर्सर जागचा हलणार नाही. काळ, स्थळ आणि आकार ह्यांचे सगळे तर्कशास्त्र करूनही जे साधत नाही ते एवढ्या एका चौकटीने बहुतांशी साधते. मॅकबुकवर ही सोय मुळातच बंद असते. विंडोजवर ती मुळातच चालू असते. लिबइनपुटच्या कर्त्यांनी ती बंद ठेवण्याचे जे कारण दिले आहे ते मोठे मार्मिक आहे: ज्यास अशी सोय असते हे ठाऊक नाही, त्यास यंत्र बिघडल्यासारखे वाटेल, ज्यास ठाऊक आहे, त्यास ती चालू कोठून करावयाची हेही ठाऊक असते. तरीही लोकेच्छा बलवत्तर असते, आणि ग्नोम ह्या प्रचलित लिनक्स परिवेशाने २०२४ मधील ४६ व्या आवृत्तीत टिचकी मुळातच चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. ज्यांना टिचकीवाचून चैनच पडत नाही त्यांनी निदान 'दोनदा टिचकी मारून ओढणे' एवढे तरी बंद करावे. परिच्छेद गिळंकृत करणारा गुन्हेगार तोच असतो.

मराठी लिहिणाऱ्याची ह्यात थोडी अधिक कुचंबणा होते. इनस्क्रिप्टने जोडाक्षर लिहिताना व्यंजन, हलन्त आणि पुढचे व्यंजन अशा तीन कळा क्रमाने दाबाव्या लागतात. मध्येच कर्सर उडाला तर पहिल्या शब्दाच्या शेवटी पाय मोडलेले अक्षर लटकत राहते आणि उरलेला अर्धा भाग दुसऱ्याच कोणा शब्दास जाऊन चिकटतो. रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळविणाऱ्यांचे आणखीच निराळे. त्या पद्धतीत शब्द पुरा होईपर्यंत तो एका तात्पुरत्या पेटीत घडत असतो. भलतीकडे क्लिक झाली की ती पेटी मिटते, आणि अर्धवट शब्द जसा असेल तसा, कधी रोमन अवस्थेतच, मजकुरात गोठतो. इंग्रजी मजकुरातील असा अपघात शुद्धलेखन तपासणारी तांबडी रेघ बहुधा दाखवून देते. मराठीसाठी ती रेघ पुष्कळांच्या यंत्रावर चालूच नसते, म्हणून तुटलेला शब्द मुद्रितापर्यंत जाऊन पोहोचतो. इनस्क्रिप्टवाल्यांचा एक फायदा मात्र नमूद केला पाहिजे: ज्याने रीतसर दहा बोटांनी टंकणे शिकून घेतले आहे त्याची गती वाढते, दृष्टी पडद्यावर राहते, आणि वर सांगितलेल्या अर्ध्या सेकंदाच्या मुदतीचा लाभ त्यास पुरेपूर मिळतो.

प्रत्येक उनाड कर्सरचा गुन्हेगार तळहातच असतो असे समजणेही बरे नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांतील सॉकेटला नीट अर्थिंग नसते, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकात कसाबसा बसविलेला असतो. अशा वेळी चार्जरमधून येणारा विद्युत्कंप जमिनीत न जाता यंत्राच्या अंगावर राहतो, आणि धारकतेची सूक्ष्म मोजदाद करणाऱ्या पट्टास भलभलते भास होऊ लागतात. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढून टाकावा, बाण लगेच शांत झाला तर दोष हाताचा नसून विजेच्या जोडणीचा आहे. कोकणातल्या व मुंबईतल्या दमट उकाड्यात पट्टावर घामाचा पातळ थर बसतो, त्यानेही मोजणी बिघडते, आणि कोरड्या मऊ फडक्याने ती दुरुस्त होते. तिसरे कारण गंभीर आहे. पातळ लॅपटॉपांत बॅटरी बहुधा पट्टाच्या खालीच असते. ती जुनी होऊन फुगली म्हणजे पट्टास खालून रेटते, मग तो दाबला जाईनासा होतो किंवा न दाबताच क्लिक होऊ लागतो. पट्ट एका बाजूने उचललेला दिसला, तर सेटिंग शोधीत बसू नये; यंत्र बंद करून, चार्जिंग थांबवून, ते जाणकाराकडे न्यावे.

राहता राहिला निर्वाणीचा उपाय, पट्ट सरसकट बंद करण्याचा. माउस जोडलेला असताना पट्ट आपोआप बंद राहावा अशी सोय विंडोज व मॅक ह्या दोहोंतही आहे, आणि एका जागी बसून काम करणाऱ्याने तिचा लाभ न घेणे हे केवळ आळसाचे लक्षण होय. अनेक यंत्रांवर फंक्शनच्या कळांपैकी एक ह्यासाठी राखून ठेविलेली असते. एचपीच्या काही जुन्या यंत्रांत पट्टाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली की पट्ट बंद होऊन तेथे बारीक दिवा लागे, आणि ती रचना बंद का झाली हे मला न उलगडलेले कोडे आहे. पट्टाची जागाच बदलण्याचे धाडसही दोनचार वेळा झाले. २०१३ मध्ये एसरने ॲस्पायर आर-७ ह्या यंत्रात पट्ट कीबोर्डाच्या पलीकडे, पडद्याच्या बाजूस नेला. २०१७ मध्ये एसूसने झेफिरस ह्या खेळाडूंसाठीच्या यंत्रात तो उजवीकडे उभा बसविला आणि कीबोर्ड पुढच्या कडेस आणला. तळहाताचा प्रश्न दोहोंनी समूळ सोडविला, परंतु मांडीवर यंत्र घेऊन बसणाऱ्यास कीबोर्डाच्या पलीकडे हात लांबवून बाण हलविणे अवघड वाटले, आणि बाजाराने त्या रचनांना फारसा आश्रय दिला नाही.

उलट बाजूची कैफियतही ऐकली पाहिजे. ज्या खेळांत डाव्या हाताने कळ दाबून पुढे चालावयाचे आणि त्याच वेळी उजव्या हाताने पट्टावरून दिशा बदलावयाची, त्या खेळांत लेखनसमयीची तहकुबी म्हणजे पायात घातलेली बेडीच. नकाशे काढणारे व चित्रे सजविणारे ह्यांचीही तीच फिर्याद असते. ग्नोमच्या ज्या ४६ व्या आवृत्तीने टिचकी मुळातच चालू केली, तिनेच ही तहकुबी चालू-बंद करण्याचे बटण सेटिंगमध्ये उघड मांडले, ते ह्या दृष्टीने योग्यच झाले. पुष्कळदा असेही होते की तहकुबी चालू असूनही लागू होत नाही. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डावर लिहिणाऱ्याचा तळवा लॅपटॉपच्या पट्टावर नसतोच, म्हणून लिबइनपुट केवळ अंगच्या कीबोर्डाचीच दखल घेते. पण काही यंत्रांत अंगचा कीबोर्डही आतून यूएसबीने जोडलेला असतो, किंवा कळांची अदलाबदल करणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने मध्ये एक काल्पनिक कीबोर्ड उभा केलेला असतो, आणि मग प्रणाली त्यास परका समजून तहकुबी देत नाही. अशा वेळी तो कीबोर्ड अंगचाच आहे असे एका लहानशा फाइलीत लिहून द्यावे लागते. दोनचार ओळींचे काम, पण ते ठाऊक नसल्यामुळे लोक महिनोन्महिने आपल्याच हातांना दोष देत राहतात.

खरेदीच्या वेळी ह्यांपैकी कशाचीच परीक्षा होत नाही. दुकानात ग्राहक पडदा न्याहाळतो, पट्टावरून दोन बोटे फिरवितो, चारदोन कळा दाबून त्यांचा आवाज ऐकतो आणि भावाच्या घासाघिशीकडे वळतो. त्याने खुर्ची मागून घ्यावी, यंत्र ज्या उंचीवर घरी ठेवावयाचे त्या उंचीवर ठेवावे, दोन्ही तळवे निःसंकोच टेकावेत, आणि विक्रेत्याच्या चुळबुळीकडे लक्ष न देता एखादे लांबलचक पत्र, मधूनमधून विचारासाठी थांबत, पुरते टंकून पाहावे.